वेबसर्व्हरवरील डेटाबेस फाइलला नेमक्या कोणत्या परवानग्या द्याव्यात?

महालकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

नागपूरच्या महाल भागातील एका शासनमान्य ‘ब’ वर्ग वाचनालयाच्या संकेतस्थळाची देखभाल नुकतीच माझ्याकडे आली आहे. ग्रंथसूची, सभासदांची नोंदवही, पुस्तकांची देवघेव आणि वर्गणीचा हिशेब हे सारे पीएचपी भाषेत लिहिलेल्या एका प्रणालीत असून त्यामागे एसक्यूलाइटची एकच डेटाबेस फाइल आहे. सर्व्हर भाड्याचा आहे, त्यावर उबंटू लिनक्स आणि एनजिनएक्स हा वेबसर्व्हर आहे. त्याच सर्व्हरवर वाचनालयाच्या व्याख्यानमालेची एक वर्डप्रेस साइटही चालते.

हे काम पूर्वी ज्यांनी करून दिले, त्यांनी डेटाबेस फाइलला ७७७ आणि ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यालाही ७७७ अशा परवानग्या दिल्या होत्या (तीन अंक अनुक्रमे मालक, ग्रुप आणि इतर यांचे; प्रत्येक अंक म्हणजे वाचणे ४, लिहिणे २ आणि चालवणे किंवा फोल्डरमध्ये शिरणे १ यांची बेरीज). शिवाय हा फोल्डर संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरच्याच आत आहे. नोंदवहीत सभासदांची नावे, घरचे पत्ते आणि मोबाइल क्रमांक आहेत, त्यामुळे ही स्थिती मला एक दिवसही तशीच ठेवावीशी वाटत नाही.

अडचण अशी आहे की फाइलला ६६६ आणि फोल्डरला ७५५ दिले, तर ग्रंथसूची व्यवस्थित दिसते, परंतु पुस्तक दिल्याची नोंद करू लागताच ‘अटेम्प्ट टू राइट अ रीडओन्ली डेटाबेस’ हा संदेश येतो. फाइलवर सर्वांना लिहिण्याची मुभा असताना ती ‘रीडओन्ली’ कशी, हे मला समजून घ्यायचे आहे. केवळ एखादा आकडा सांगण्यापेक्षा त्यामागचे कारण कोणी सांगितले, तर माझ्यानंतर हे काम पाहणाऱ्यालाही ते लिहून देता येईल.

टर्मिनल_धरमपेठ

कारण फाइलमध्ये नसून फोल्डरमध्ये आहे.

एसक्यूलाइट कोणताही बदल करण्यापूर्वी मूळ पानांची नक्कल एका तात्पुरत्या जर्नल फाइलमध्ये ठेवते आणि ही फाइल डेटाबेसच्या शेजारीच, त्याच फोल्डरमध्ये, तयार होते. लिहिण्याच्या मधोमध वीज गेली किंवा प्रक्रिया बंद पडली, तर पुढच्या वेळी डेटाबेस उघडणाऱ्या प्रक्रियेला हे जर्नल ठरलेल्या जागीच सापडले पाहिजे, तरच अर्धवट बदल मागे घेता येतो. म्हणून जर्नल दुसरीकडे कुठे ठेवण्याची सोय नाही. ‘वॉल’ पद्धत (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची) चालू असेल, तर जर्नलऐवजी ‘वॉल’ आणि ‘एसएचएम’ शेपटीच्या दोन फाइली तिथेच तयार होतात.

फोल्डरमध्ये नवी फाइल तयार करायची, तर फोल्डरवर लिहिण्याची परवानगी लागते. तुमच्या ७५५ मध्ये ती फक्त मालकाला आहे आणि मालक तुमचा लॉगिन असणार, वेबसर्व्हरची प्रक्रिया नव्हे. एसक्यूलाइटला जर्नल तयार करता येत नाही, म्हणून ती लिहिण्यास नकार देते. हीच अडचण कधी ‘अनेबल टू ओपन डेटाबेस फाइल’ या संदेशानेही समोर येते.

महालकर

अगदी तसेच आहे, मालक माझाच लॉगिन आहे. मग पुढचा प्रश्न असा की फोल्डरवर लिहिण्याची परवानगी नेमकी कोणाला द्यायची? एनजिनएक्सला की पीएचपीला?

रातपाळी

पीएचपीला. एनजिनएक्स तुमच्या डेटाबेसला हातही लावत नाही. तो विनंती पीएचपी-एफपीएम या पीएचपी चालवणाऱ्या सेवेकडे पाठवतो आणि आलेले उत्तर ब्राउझरला देतो. फाइल उघडते ती एफपीएमची प्रक्रिया. उबंटू आणि डेबियनवर दोन्ही सुरुवातीला ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या एकाच वापरकर्त्याच्या नावाने चालतात, म्हणून हा फरक बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एनजिनएक्सऐवजी अपाचे हा वेबसर्व्हर असेल आणि त्याच्या आतच पीएचपी चालत असेल, तर अपाचेचा वापरकर्ता तोच पीएचपीचा. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर त्याचे नाव ‘अपाचे’ असते.

अंदाज बांधू नका. ‘पीएस’ आज्ञेने चालू प्रक्रियांची यादी काढा आणि एफपीएमच्या ओळीसमोर कोणाचे नाव आहे ते पाहा. त्यानंतर ‘सुडो’ने (दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने काम करू देणाऱ्या आज्ञेने) तोच वापरकर्ता बनून ‘टेस्ट’ आज्ञेने फाइल आणि फोल्डर दोन्ही लिहिता येतात का, हे तपासा. रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून केलेल्या तपासणीला काही अर्थ नाही, कारण रूटला या परवानग्या अडवतच नाहीत.

काटोल_नाका

मला येथे थोडे वेगळे म्हणायचे आहे. या सर्व्हरवर लॉगिन फक्त धागाकर्त्यांचे आहे. ७७७ मधला शेवटचा सात ‘इतरांसाठी’ असतो. जिथे दुसरा कोणी माणूसच नाही, तिथे ते ‘इतर’ कोण? सामायिक होस्टिंगवर ७७७ घातक आहे हे मान्य, पण स्वतःच्या सर्व्हरवर त्याचा बाऊ करण्याची गरज मला दिसत नाही. भिंत मजबूत हवी ती बाहेरच्या बाजूची.

सावजी_रस्सा

काटोल_नाका यांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले पाहिजे, कारण इतवारीतल्या व्यापाऱ्यांपासून शिकवणी वर्गांपर्यंत ज्यांच्या ज्यांच्या साइट मी पाहतो, ते सारे मला हेच विचारतात.

रातपाळी

‘इतर’ म्हणजे माणसे नव्हेत, प्रक्रिया. उबंटूचा ताजा सर्व्हर घेऊन त्यातली वापरकर्त्यांची यादी उघडून पाहिली, तर मेलसाठी एक, लॉगसाठी एक, नेटवर्कसाठी एक, ‘नोबडी’ नावाचा एक, अशी बरीच नावे दिसतील आणि त्यातल्या कोणाच्याही मागे माणूस नाही. प्रत्येक सेवेला वेगळा वापरकर्ता देण्यामागचा हेतूच हा आहे की एखादी सेवा कोणी फोडली, तरी घुसलेल्याचा हात त्या सेवेच्या आवारातच अडकून राहावा. ७७७ दिले की ती सारी कुंपणे त्या एका फोल्डरपुरती निकामी होतात.

दुसरे असे की लोक फाइलच्या परवानगीकडे पाहतात आणि फोल्डरच्या परवानगीकडे दुर्लक्ष करतात. फाइल पुसणे किंवा तिचे नाव बदलणे हे फाइलवरच्या परवानगीने ठरत नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्यावरच्या परवानगीने ठरते. फोल्डर ७७७ असेल, तर डेटाबेस ४०० ठेवला तरी कोणतीही प्रक्रिया तो पुसून त्या जागी स्वतःची फाइल ठेवू शकते. म्हणून या दोन सातशे सत्त्याहत्तरांत फोल्डरचा अधिक वाईट.

बाहेरची भिंत मजबूत हवी, हे काटोल_नाका यांचे म्हणणे योग्यच आहे. पण वर्डप्रेसचे एखादे जुने प्लगइन हे त्या भिंतीतले दार असते आणि धागाकर्त्यांकडे वर्डप्रेस आहेच.

अंबाझरी

रातपाळी यांच्या मुद्द्याला पुष्टी म्हणून सांगतो. पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरच्या डेटा फोल्डरला ग्रुपची किंवा इतरांची जास्तीची परवानगी असेल, तर तो सर्व्हर सुरूच होत नाही. २०१८ साली आलेल्या ११व्या आवृत्तीपर्यंत ७०० शिवाय काहीच चालत नसे, तिच्यापासून ग्रुपला वाचू देणारे ७५० तेवढे चालते. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस सर्व्हर आपली मांडणी-फाइल सर्वांना लिहिता येण्याजोगी दिसली, तर ती वाचतच नाही आणि तसे लॉगमध्ये नोंदवते. दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करण्याचे साधन असलेले एसएसएच आपली खासगी किल्ली इतरांना वाचता येत असेल, तर ती वापरण्यास नकार देते. एसक्यूलाइटमध्ये असा पहारेकरी नाही, कारण ती स्वतंत्र सेवा नसून तुमच्याच प्रणालीच्या आत चालणारी लायब्ररी आहे. तिच्या वाट्याचा पहारा आपल्यालाच द्यावा लागतो.

गोंडवन

चर्चा चांगली चालली आहे, परंतु धागाकर्त्यांच्या पहिल्या टिपणीतले एक वाक्य सर्वांच्या नजरेतून निसटले आहे. डेटाबेस सार्वजनिक फोल्डरच्या आत आहे.

हे आज, आत्ता बदला. ७७७ चे ६०० उद्या केले तरी चालेल, पण हे थांबण्यासारखे नाही. ब्राउझरमध्ये पत्ता टाकून, फोल्डरचे आणि फाइलचे नाव लिहिल्यावर संपूर्ण नोंदवही कोणाच्याही संगणकावर उतरत असेल, तर परवानग्यांची सारी चर्चा व्यर्थ आहे. आपल्याच ब्राउझरमध्ये हे करून पाहा. उतरलेली फाइल साध्या संपादकात उघडली आणि सुरुवातीलाच ‘एसक्यूलाइट फॉरमॅट ३’ ही अक्षरे दिसली, तर ती तुमची खरी फाइल आहे. एसक्यूलाइटच्या प्रत्येक डेटाबेसचे पहिले १६ बाइट हेच असतात.

पूर्वीच्या मंडळींनी तिथे ‘एचटीअ‍ॅक्सेस’ फाइल ठेवली असेल, तर तिच्यावर विसंबू नका. ती अपाचेची सोय आहे, एनजिनएक्स ती वाचत नाही. साइट अपाचेवरून एनजिनएक्सवर हलवताना हे कुलूप कोणाच्याही लक्षात न येता गळून पडते.

फाइल ‘व्हार’ खालच्या ‘लिब’ मध्ये स्वतंत्र फोल्डर करून तिथे ठेवा. हलवण्यापूर्वी एफपीएम थांबवा आणि शेजारी जर्नल किंवा ‘वॉल’ फाइल दिसली, तर तीही सोबत न्या. ‘वॉल’ फाइल मागे राहिली, तर शेवटचे व्यवहार हरवू शकतात आणि जर्नल मागे राहिले तर डेटाबेसच बिघडू शकतो.

महालकर

गोंडवन, आपण सांगितल्याप्रमाणे पत्ता टाकून पाहिला आणि फाइल उतरली. तेव्हापासून संकेतस्थळ देखभालीसाठी बंद ठेवले असून ग्रंथपालांना देवघेव काही काळ कागदी नोंदवहीत करण्याची विनंती केली आहे. त्यांनी ती लगेच मान्य केली. फाइल नव्या जागी हलवली आहे.

आता संकेतस्थळ उघडण्यापूर्वी मालक कोण, ग्रुप कोणता आणि आकडे कोणते, हे निश्चित करायचे आहे.

टर्मिनल_धरमपेठ

माझे उत्तर सरळ आहे. फोल्डर आणि फाइल या दोहोंचा मालक ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’, फोल्डर ७००, फाइल ६००. ज्या प्रक्रियेला गरज आहे तिला पूर्ण हक्क, बाकी सर्वांना शून्य.

अंबाझरी

टर्मिनल_धरमपेठ, येथे मी आपल्याशी सहमत नाही. देखभाल करणाऱ्याला सूचीत दुरुस्ती करायची असेल, तर प्रत्येक वेळी ‘सुडो’ लागेल आणि घाईच्या वेळी माणसे ‘सुडो’ने रूट होऊन काम उरकतात. त्यापेक्षा मालक देखभाल करणारा, ग्रुप वेबसर्व्हरचा, फाइल ६६० आणि फोल्डर २७७० ठेवावा. आरंभीचा दोन म्हणजे ‘सेटजीआयडी’. तो असला की त्या फोल्डरमध्ये कोणीही नवी फाइल तयार केली, तरी तिचा ग्रुप फोल्डरचाच राहतो. तो नसेल, तर देखभाल करणाऱ्याच्या हातून तयार झालेल्या ‘वॉल’ फाइलला त्याचा स्वतःचा ग्रुप लागतो आणि वेबसर्व्हर पुन्हा ‘रीडओन्ली’ म्हणून अडून बसतो. मग एखादा गोंधळलेला माणूस परत ७७७ कडे वळतो.

आणखी एक बारकावा पाहा. एसक्यूलाइट नवा डेटाबेस तयार करते तेव्हा ती स्वतःहून ६४४ मागते आणि त्यातून यूमास्क (नव्या फाइलींना कोणत्या परवानग्या द्यायच्या नाहीत हे सांगणारा आकडा) जे वजा करील ते जाते. म्हणजे यूमास्क ००७ ठेवूनही हाती ६४०च येते, ६६० येत नाही. ग्रुपला लिहिण्याचा हक्क एकदा हाताने द्यावा लागतो. तो दिल्यावर मात्र पुढच्या जर्नल आणि ‘वॉल’ फाइली मूळ डेटाबेसच्याच परवानग्या घेतात, त्यांची वेगळी काळजी नको.

रातपाळी

दोघांचेही आकडे आपापल्या जागी योग्य आहेत, पण दोघांनीही वर्डप्रेसचा विचार केलेला नाही.

या सर्व्हरवर दोन साइट आहेत आणि दोन्हींचे पीएचपी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ म्हणूनच चालते. आता व्याख्यानमालेच्या वर्डप्रेसमधून कोणी आत शिरले, असे धरा. त्याचा कोड कोणत्या नावाने चालेल? त्याच. आणि सभासदांच्या नोंदवहीची मालकी कोणाकडे आहे? त्याच नावाकडे. मग फाइल ६०० असो, ६६० असो की ७७७ असो, घुसलेल्याच्या दृष्टीने काडीचाही फरक पडत नाही. परवानगी वापरकर्ता पाहते, साइट पाहत नाही. दोन साइट एकाच वापरकर्त्याच्या नावाने चालत असतील, तर परवानगीच्या लेखी ती एकच साइट आहे.

म्हणून आधी वापरकर्ते वेगळे करा, आकडे नंतर ठरवा. एफपीएममध्ये प्रत्येक साइटसाठी वेगळा पूल, म्हणजे पीएचपी प्रक्रियांचा वेगळा संच, करता येतो आणि पुलाच्या मांडणी-फाइलमध्ये वापरकर्ता व ग्रुप लिहिता येतो. वाचनालयासाठी ‘ग्रंथालय’ नावाचा एक वापरकर्ता करा, त्याला लॉगिनचे शेल देऊ नका आणि वाचनालयाचा पूल त्याच्या नावाने चालवा. मग डेटाबेसचा मालक ‘ग्रंथालय’, फोल्डर ७००, फाइल ६००. आता टर्मिनल_धरमपेठ यांच्या आकड्यांना खरा अर्थ येतो.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. पुलाच्या सॉकेटचा मालक ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ आणि परवानगी ६६० असू द्या, अन्यथा एनजिनएक्सला पीएचपीशी बोलता येणार नाही आणि ‘५०२ बॅड गेटवे’ दिसेल. आणि साइटचा कोड ‘ग्रंथालय’ या वापरकर्त्याच्या मालकीचा करू नका. कोडवर मालकी तुमची, पुलाला फक्त वाचण्याची मुभा. लिहिण्याचा हक्क डेटाबेसच्या फोल्डरवर असावा, प्रणालीत कागदपत्रे चढवण्याची सोय असेल तर त्या फोल्डरवर असावा, बाकी कुठेही नसावा.

टर्मिनल_धरमपेठ

मान्य. दोन साइट आहेत हे लक्षात घेतले, तर वेगळ्या पुलाशिवाय माझे ६०० निरुपयोगी ठरते.

अंबाझरी

मलाही पटले. दोन-तीन माणसे मिळून देखभाल करत असतील, तर २७७० ची मांडणी अजूनही सोयीची आहे, फक्त ग्रुप ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ ऐवजी ‘ग्रंथालय’ असावा. एकटाच माणूस असेल, तर ७०० आणि ६०० उत्तम.

नागनदी

मुळात सभासदांची माहिती फाइलमध्ये कशासाठी? पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी बसवा. डेटा फोल्डर ती सेवा स्वतः राखते आणि हा सारा खटाटोप संपतो.

गोंडवन

संपत नाही, जागा बदलतो. मग डेटाबेसचा पासवर्ड एखाद्या मांडणी-फाइलमध्ये लिहिलेला असतो आणि त्या फाइलच्या परवानगीचा हाच प्रश्न उभा राहतो. वर्डप्रेसची ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ ६४४ ठेवलेली मी कित्येक ठिकाणी पाहतो. ती ४४० किंवा ४०० असावी, असे वर्डप्रेसचेच मार्गदर्शन सांगते.

पासवर्डच नको असेल, तर पोस्टग्रेसची ‘पीअर’ आणि मारियाडीबीची ‘युनिक्स सॉकेट’ ही ओळख-पद्धत आहे. त्यात जोडणी करणारी प्रक्रिया कोणत्या वापरकर्त्याची आहे, हे सर्व्हर थेट कर्नलकडून, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याकडून, जाणून घेतो आणि त्यावरून प्रवेश देतो. मात्र तिथेही प्रत्येक साइटला वेगळा वापरकर्ता नसेल, तर रातपाळी यांनी सांगितलेलीच अडचण पुन्हा समोर येते. एका वाचनालयाच्या देवघेवीला एसक्यूलाइट भरपूर पुरते, तेव्हा केवळ या कारणासाठी बदल करू नये, असे माझे मत आहे.

मिहान_मार्ग

आमच्याकडे रेड हॅटचे सर्व्हर आहेत, म्हणून तिथल्या वाचकांसाठी ही नोंद. सारे आकडे योग्य, मालक योग्य, तरीही ‘परमिशन डिनाइड’ येत असेल, तर एसईलिनक्स, म्हणजे लिनक्समधली सुरक्षेची जादा पातळी, पाहावे. तिथे प्रत्येक फाइलवर एक लेबलही असते आणि वेबसाइटच्या फोल्डरवरचे मूळ लेबल वेबसर्व्हरला फक्त वाचू देते. अशा वेळी ७७७ देऊनही काम होत नाही. डेटाबेसच्या फोल्डरला ‘एचटीटीपीडी_सिस_आरडब्ल्यू_कंटेंट_टी’ हे लेबल ‘सेमॅनेज’ने कायमचे नोंदवावे आणि मग ‘रिस्टोअरकॉन’ चालवावे. ‘सीएचकॉन’ने दिलेले लेबल पुढच्या पूर्ण रिलेबलमध्ये पुसले जाते. एसईलिनक्स बंद करून टाकण्याचा सल्ला जागोजागी मिळतो, तो कृपया मानू नये. नेमके काय अडले, हे ऑडिटच्या लॉगमध्ये लिहिलेले असते.

काटोल_नाका

माझ्या प्रश्नाला सविस्तर उत्तर मिळाले, आभारी आहे. ‘इतर’ म्हणजे प्रक्रिया, हे पटले. माझे बहुतेक काम डॉकरमध्ये (प्रणाली ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात) असते, म्हणून त्यावर विचारतो. कंटेनरमध्ये मालक ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ दिसतो, पण बाहेरून पाहिले तर मालकाच्या जागी ८२ हा नुसता आकडा दिसतो. हे असे का?

मिहान_मार्ग

कर्नलला नावे ठाऊक नसतात, क्रमांक ठाऊक असतात. डेबियन आणि उबंटूवर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ चा क्रमांक ३३ आहे, अल्पाइन या छोट्या लिनक्सवर ८२ आहे. तुमचा कंटेनर अल्पाइनचा असणार. बाहेरच्या फोल्डरचे मालकत्व नावाने न देता क्रमांकाने द्या, म्हणजे दोन्हीकडे जुळेल.

धंतोली_वाचक

मी तंत्रज्ञ नाही, पण शहरातल्या दोन वाचनालयांची सभासद आहे आणि हा धागा सुरुवातीपासून वाचते आहे. माझा पत्ता आणि मोबाइल क्रमांक कोणत्या फाइलमध्ये, कोणत्या आकड्याच्या आधारावर सांभाळला जातो, याचा विचार मी आजवर केला नव्हता. धागाकर्त्यांनी संकेतस्थळ बंद ठेवण्याचा निर्णय घेतला, याबद्दल एक सभासद म्हणून मला त्यांचे मनापासून आभार मानायचे आहेत. मला एवढेच विचारायचे आहे की ती फाइल आधीच कोणी उतरवून घेतली असेल, तर ते कळू शकते का?

गोंडवन

फार योग्य प्रश्न आहे. एनजिनएक्सच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये प्रत्येक विनंतीची ओळ असते. त्या डेटाबेस फाइलच्या नावाने लॉग शोधावा आणि जिथे उत्तराचा संकेत २०० किंवा २०६ असेल, तिथे किती बाइट गेले ते पाहावे. २०६ म्हणजे फाइलचा तुकडा उतरवला. ४०४ किंवा ४०३ असेल, तर काही गेले नाही.

मात्र उबंटूवर हे लॉग रोज फिरवले जातात आणि मूळ मांडणीत १४ दिवसांचेच राहतात. महालकर, तुमचे लॉग आजच दुसरीकडे काढून ठेवा, म्हणजे आहेत तेवढे तरी हाती राहतील.

महालकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. केलेले काम क्रमाने सांगतो, म्हणजे काही राहिले असेल तर आपण निदर्शनास आणून द्याल.

‘ग्रंथालय’ हा वापरकर्ता केला, वाचनालयाचा पूल वेगळा केला, वर्डप्रेस आधीच्याच पुलात ठेवले. डेटाबेसचा नवा फोल्डर ७००, फाइल ६००, दोन्हींचा मालक ‘ग्रंथालय’. पहिल्या प्रयत्नात ‘नो सच टेबल’ असा संदेश आला आणि नव्या फोल्डरमध्ये शून्य बाइटची एक फाइल तयार झालेली दिसली. प्रणालीच्या मांडणीत डेटाबेसच्या नावाचे एक अक्षर वेगळे पडले होते. ते नीट करताच सूची दिसू लागली आणि एका पुस्तकाची देवघेव नोंदवून पाहिली, तीही झाली. वर्डप्रेसच्या वापरकर्त्याने तीच फाइल वाचून पाहिली, तेव्हा ‘परमिशन डिनाइड’ आले. हा संदेश पाहून इतके समाधान कधी वाटले नव्हते.

लॉग काढून ठेवले आहेत. उपलब्ध दिवसांत त्या फाइलसाठी २०० संकेताची एकच ओळ सापडली आणि ती माझ्याच तपासणीची आहे. त्यापूर्वीचे सांगता येणार नाही, हे मी कार्यकारिणीला लेखी कळवले आहे.

दोन शंका उरल्या आहेत. आधी मी हा डेटाबेस माझ्या होम फोल्डरमध्ये ठेवण्याचा विचार केला होता. ते चालले असते का? आणि रात्रीच्या बॅकअपचे काय?

टर्मिनल_धरमपेठ

शून्य बाइटची फाइल ही एसक्यूलाइटची नेहमीची खूण आहे. दिलेल्या पत्त्यावर डेटाबेस नसेल आणि फोल्डरमध्ये लिहिता येत असेल, तर ती मुकाट्याने नवा, रिकामा डेटाबेस तयार करते. ती रिकामी फाइल आता पुसून टाका.

होम फोल्डरमध्ये चालले नसते. उबंटूने २१.०४ या आवृत्तीपासून नव्या होम फोल्डरना ७५० परवानगी द्यायला सुरुवात केली आणि ते योग्यच केले. फाइलपर्यंत पोहोचायचे, तर मुळापासूनच्या प्रत्येक फोल्डरवर आत शिरण्याची परवानगी, म्हणजे ‘एक्स’, लागते. मधल्या एका फोल्डरवर ती नसली, तरी वाट बंद. ‘नेमआय’ आज्ञेला ‘एल’ पर्याय देऊन पूर्ण पत्ता दिला, तर वाटेतल्या प्रत्येक फोल्डरचा मालक आणि परवानगी एकाखाली एक दिसते. डेटाबेससाठी होम फोल्डर उघडा करणे मात्र कधीही करू नये.

रातपाळी

बॅकअपकडे लक्ष द्या, कारण मूळ फाइल ६०० ठेवून तिची नक्कल ६४४ ने पडून राहिलेली मी वारंवार पाहिली आहे. नुसत्या ‘सीपी’ने नक्कल करू नका, व्यवहार चालू असताना घेतलेली नक्कल अर्धवट असू शकते. एसक्यूलाइटच्या कवचात (टर्मिनलवरून चालणाऱ्या साधनात) ‘बॅकअप’ ही आज्ञा आहे, ती वापरा. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत यूमास्क ०७७ ठेवा, म्हणजे तयार होणारी फाइल जन्मतःच ६०० असेल. आधी ६४४ ने तयार करून मग घट्ट करायची, यात मधले काही क्षण ती उघडी राहते.

ही स्क्रिप्ट रूटच्या क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीतून) चालवा आणि बॅकअपचा फोल्डर रूटच्या मालकीचा, ७०० ठेवा. उद्या ‘ग्रंथालय’ हा वापरकर्ता कोणाच्या ताब्यात गेला, तर त्याला चालू डेटाबेस खराब करता येईल, पण जुने बॅकअप पुसता येणार नाहीत. रूटने डेटाबेस उघडल्यावर शेजारच्या ‘वॉल’ फाइलचा मालक रूट होईल, ही भीती नको. रूट म्हणून चालत असताना एसक्यूलाइट त्या फाइलींना मूळ डेटाबेसचाच मालक देते.

अंबाझरी

आणि पूर्वीच्या मंडळींनी सार्वजनिक फोल्डरमध्ये ‘बॅक’, ‘ओल्ड’, ‘एसक्यूएल’, ‘झिप’ असल्या शेपट्यांच्या जुन्या नकला ठेवल्या आहेत का, हे ‘फाइंड’ने शोधा. त्याच आज्ञेला इतरांना लिहिता येणाऱ्या फाइलींची अटही देता येते. एकाने ७७७ दिले असेल, तर ते एकाच ठिकाणी दिले असेल असे समजू नये.

महालकर

शोधले. सार्वजनिक फोल्डरमध्ये जुन्या डेटाबेसच्या दोन नकला सापडल्या, दोन्ही ६४४. त्या बाहेर काढून रूटच्या फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत आणि त्यांच्या नावांनीही लॉग तपासतो आहे.

धंतोली_वाचक

त्या नकलांमध्ये सभासदांचे पासवर्डही असतील का?

गोंडवन

असतील. ते कसे साठवले आहेत, हे पीएचपीच्या कोडमध्ये पाहा. ‘पासवर्ड_हॅश’ (पासवर्ड सहज उलगडणार नाही अशा रूपात साठवणारी पीएचपीची सोय) वापरलेले असेल, तर थोडा अवधी आहे. साधे ‘एमडी५’ (जुनी, सहज फुटणारी पद्धत) असेल, तर ते उघड झाल्यासारखेच धरा. दोन्ही परिस्थितींत सर्व सभासदांना पासवर्ड बदलायला लावावा, असे मला वाटते, कारण नकला किती काळ तिथे होत्या हे लॉगवरून ठरवता येणार नाही.

कार्यकारिणीला लिहिताना हेही नमूद करा की २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपण्यास सांगितले आहे. आपल्या संस्थेला काय लागू होते, हे सल्लागारांना विचारा. लॉगची मुदत मात्र त्यांच्या उत्तराची वाट न पाहता वाढवा.

महालकर

कोड पाहिला, ‘पासवर्ड_हॅश’च आहे. तरीही सर्वांना पासवर्ड बदलण्याची सूचना संकेतस्थळ उघडताना पहिल्याच पानावर राहील आणि तीच वाचनालयाच्या फलकावरही लावली जाईल, कारण आमचे बरेच ज्येष्ठ सभासद संकेतस्थळापेक्षा फलक आधी वाचतात. ‘लॉगरोटेट’च्या मांडणीत १४ च्या जागी १८० केले आहेत आणि डिस्कवर तेवढी जागा आहे, हे तपासून घेतले आहे.